सोलापुरात प्लॉटवर राहायला येताय? मग उजेडाचं गणित आणि अंगणातले साप एकदमच समजून घ्या

बदली होऊन, नोकरीसाठी, नाहीतर रिटायर झाल्यावर आपल्या गावाकडं म्हणून सोलापुरात येणारी बरीच मंडळी आता शहराच्या कडेला घर घेतात. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, बाळे, केगाव, देगाव, जिकडं बघाल तिकडं नवीन प्लॉटिंग. एका बाजूला रो-हाऊस, दुसऱ्या बाजूला मोकळा प्लॉट, त्यात कमरेएवढं गाजरगवत आणि वेड्या बाभळी, आणि मागं कुणाचं तरी तुरीचं नाहीतर उसाचं रान. आम्ही पण फ्लॅट सोडून असंच आलो. फ्लॅटमध्ये कसंय, बाहेर अंधार पडला काय न पडला काय, जिन्यात लाईट, लिफ्टमध्ये लाईट, पार्किंगमध्ये लाईट. अंगण आलं की अंधार पण आपला होतो आणि त्या अंधारात फिरणारं जनावर पण.

नवीन आलेला माणूस सापाला घाबरतो, ते ठीकच आहे, पण अंधार किती वाजता पडतो याकडं त्याचं लक्ष नसतं. संध्याकाळी सातला झाडांना पाणी घालायची सवय मे महिन्यात उजेडातली असते आणि तीच सवय ऑक्टोबरात ठार अंधारातली होते. वेळ तीच, पाईप तोच, चप्पल तीच, फक्त पायाखाली काय आहे ते दिसत नाही. माझं सगळं सांगणं याच एका गोष्टीभोवती आहे, की अंगणातली कामं घड्याळावर नाही, उजेडावर लावायची.

आधी एवढं सामान घरात असू द्या:

- चांगला चार्जिंगचा टॉर्च, एक नाही दोन. मोबाईलचा टॉर्च धरला नाही, कारण त्याचा उजेड पुढं लांब पडत नाही आणि नेमका त्याच वेळी फोन येतो.
- घोट्याच्या वर जाणारे गमबूट. शेतीच्या सामानाच्या दुकानात मिळतात.
- पाच-सहा फुटांची काठी. मारायला नाही, गवत-पाचोळा हलवून बघायला.
- टोकाला वाकवलेली लोखंडी सळई, फरशी उचलायला. याचं काम पुढं येतंय.
- पाव इंचापेक्षा मोठी भोकं नसलेली जाळी, थोडं सिमेंट, दाराखाली लावायची रबरी पट्टी.
- प्रत्येकाला मच्छरदाणी.
- फ्रिजवर चिकटवलेला एक कागद, त्यावर १०८, वन विभागाची हेल्पलाईन १९२६ आणि तुमच्या भागातल्या सर्पमित्राचा नंबर.

१. आधी सोलापूरचा उजेड समजून घ्या

आपल्या देशाची घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि सोलापूर आहे ७५.९ च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडं घड्याळाच्या साधारण २६ मिनिटं मागं चालतो. नागपूरहून बदली होऊन आलेल्यांना इथला सूर्य दहा-पंधरा मिनिटं उशिरा उगवतो आणि उशिरा मावळतो असं वाटेल, मुंबईहून आलेल्यांना बरोबर उलटं वाटेल. मुंबईकराची 'सातला अजून उजेड असतो' ही सवय इथं त्यामुळं थोडी लवकरच फसते.

जूनच्या शेवटी दिवस सगळ्यात मोठा, तेरा तासांच्या थोडा वर. सूर्य पावणेसहाच्या पुढं उगवतो आणि सातच्या थोडं नंतर मावळतो. डिसेंबरच्या शेवटी दिवस अकरा तासांच्या थोडाच वर. फरक दोन तासांचा, दिल्लीच्या मानानं काहीच नाही, म्हणून लोक इकडं लक्ष देत नाहीत.

पण खरा घोळ ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होतो. ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य साधारण सातला मावळतो, सप्टेंबर लागला की सहा चाळीसला, ऑक्टोबर लागला की सव्वासहाला. दोन महिन्यांत पाऊण तास गेला. आणि आपल्याकडं मावळतीनंतर उजेड फार टिकत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत कडुसं पडून डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही अशी गत होते, ढग असले तर त्याच्याही आधी. आता यात भर म्हणजे सोलापूरचा मोठा पाऊस जुलैत नाही, सप्टेंबरात पडतो. म्हणजे संध्याकाळ झपाट्यानं अलीकडं सरकतेय, गवत वाढलंय, बिळात पाणी शिरलंय, बेडूक झालेत, सगळं एकाच वेळी. वर्षभरात कधी एकदाच सावध राहायचं असेल तर हे दोन महिने राहा.

अजून एक गंमत. सगळ्यात लवकर सूर्य मावळतो तो २१ डिसेंबरला नाही, नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, दहा मिनिटं कमी सहाला. आणि सगळ्यात उशिरा उगवतो तो संक्रांतीच्या पुढं-मागं, सातच्या सुमाराला. 'संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो' हे खरंच आहे, पण त्या दिवसांत सकाळ मात्र सगळ्यात आळशी असते. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या वेळच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत पहाटे फिरायला, नाहीतर सिद्धेश्वराच्या दर्शनाला सहाला बाहेर पडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा, सहाला तेव्हा पूर्ण अंधार असतो, साडेसहाला कुठं फटफटतं.

मग करायचं काय? सोपं आहे. मोबाईलच्या हवामानात सोलापूरची सूर्यास्ताची वेळ दिसते, महिन्याच्या एक तारखेला ती बघायची आणि अंगणातली कामं (पाणी घालणं, कपडे काढणं, कचरा टाकणं, गाडी आत घेणं, कुत्र्याला फिरवणं) त्याच्या अर्धा तास आधी संपवायची. घरात लहान मुलं असतील तर 'सातला घरी ये' असं सांगू नका, 'समोरच्या खांबावरचा लाईट लागायच्या आधी ये' असं सांगा. पोरं घड्याळाबद्दल वाद घालतात, खांबाबद्दल घालत नाहीत.

२. कुठल्या सीझनला साप कुठं असतो

साप स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही, ऊन-सावली बघून तो आपली वेळ बदलतो. त्याची वेळ कळली की अर्धं काम झालं.

उन्हाळा: मार्च ते मे. आपलं ऊन तुम्हाला सांगायला नको, ४२-४३ डिग्री म्हणजे रोजचंच. दिवसा साप बाहेर पडत नाही, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या भेगांत, बिळात, विटांच्या थप्पीत, पाण्याच्या टाकीखालच्या गारव्यात बसतो. दिवेलागणीनंतर आणि पहाटे निघतो. आणि नेमकं त्याच वेळी आपण पण गार वाऱ्याला अंगणात खुर्च्या टाकून बसतो, किंवा सतरंजी टाकून तिथंच आडवे होतो. ते आडवं होणं बंद करा. झोपायचंच असेल तर खाट आणि मच्छरदाणी, मच्छरदाणीचे काठ गादीखाली खोचलेले. झाडाची फांदी टेकत नसेल तर गच्ची त्यातल्या त्यात बरी. ज्वारी निघाली की कडब्याच्या गंज्या लागतात, त्यात उंदीर आणि उंदरामागं हे. शेजारी गंज असेल तर तिथून येणारी वाट ओळखून ठेवा.

मे संपता संपता वळवाचा पाऊस येतो, वादळ येतं आणि लाईट जाते. अंधार, ओल आणि गार वारा तिन्ही एकदम. त्या रात्री सगळ्यात जास्त हालचाल असते. लाईट गेल्यावर टॉर्च शोधायला अंधारात चाचपडू नये म्हणून एक टॉर्च दाराजवळच्या खिळ्यालाच टांगलेला ठेवायचा.

पावसाळा: भेगा बुजतात, बिळं भरतात, साप उंचवट्यावर येतो, म्हणजे तुमच्या ओट्यावर, पोर्चमध्ये, बुटात, स्कूटरच्या पुढच्या भागात. याच दिवसांत नागाची, घोणशीची पिल्लं फिरायला लागलेली असतात. पिल्लू मोरीच्या जाळीतून सहज वर येतं, आणि पिल्लू आहे म्हणून त्याला हात लावू नका, त्याच्यातही विष असतंच.

हिवाळा: लोकांना वाटतं थंडीत साप झोपतो. सोलापूरची थंडी तेवढी नाही. हालचाल कमी होते एवढंच. सकाळी उन्हं वर आली की नऊ-दहाच्या सुमाराला पायरीवर, कंपाऊंडच्या भिंतीवर ऊन खात पडलेला दिसेल. घोणशीचा मिलनाचा काळ थंडीतच असतो, तेव्हा ती दिवसाही फिरते. आणि शेजारच्या उसाला तोड लागली की फडातलं सगळं जनावर एकदम बाहेर पडतं, त्या आठवड्यात मुलांना मोकळ्या प्लॉटमध्ये क्रिकेट खेळायला पाठवायचं नाही, कितीही रडली तरी.

३. बाहेरचा लाईट लावताना

नवीन घर झालं की पहिल्यांदा काय करतात, गेटवर पांढरा झगझगीत एलईडी लावतात, सगळं कसं दिसलं पाहिजे म्हणून. त्या पांढऱ्या लाईटला किडे येतात, किड्यांना खायला पाली आणि बेडूक येतात, आणि पाली-बेडकांना खायला कोण येतं ते सांगायला नको. कवड्या नावाचा साप तर पालीच खातो, म्हणूनच तो भिंतीवर लाईटच्या आसपास सापडतो.

त्यामुळं दाराच्या डोक्यावर लाईट लावू नका. पिवळसर बल्ब लावा, आणि तो दारापासून थोडा लांब, कंपाऊंडच्या बाजूला लावून उजेड आतल्या वाटेवर पडेल असा ठेवा. माणूस आल्यावर आपोआप लागणारा सेन्सरचा बल्ब मिळतो, तो सगळ्यात चांगला, रात्रभर किडे गोळा करत नाही. सोलरचे लाईट आपल्याकडं उन्हाळ्यात मस्त चालतात पण सप्टेंबरच्या ढगाळ दिवसांत आठ-नऊलाच मान टाकतात, म्हणजे नेमक्या नको त्या महिन्यात. त्यांच्या भरवशावर राहू नका.

गेटपासून दारापर्यंतची वाट फरशीची किंवा कोब्याची करा, दोन्ही बाजूला हातभर तरी मोकळी जागा सोडा. वाटेच्या कडेला कुंड्यांची रांग छान दिसते, हे मला पण मान्य, पण कुंडीखालची ओल बेडकाला भारी आवडते.

४. नळाचा खड्डा: सोलापूरचा खास विषय

हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या गॅपनं येतं, आणि यायची वेळ रात्री अकराची पण असू शकते, पहाटे तीनची पण. पाणी आलं म्हणून गल्लीत आवाज झाला की अख्खं घर झोपेतून उठून अनवाणी अंगणात पळतं, मोटर लावायला, हौदाचं झाकण काढायला, नळाच्या खड्ड्यातला कॉक फिरवायला. अर्धवट झोप, अंधार, ओली जमीन, अनवाणी पाय. याच्यापेक्षा धोक्याची वेळ नाही.

हा खड्डा म्हणजे दीड-दोन फूट खोल, आत कायम ओल, वर शहाबादी फरशीचा तुकडा. फरशीचा एक कोपरा तुटलेला असतोच असतो, त्यात बोटं घालून ती उचलायची सगळ्यांची सवय. बोटं आत जातात ती थेट खालच्या गारव्यात, न बघता. आत बेडूक असतो, विंचू असतो, आणि बेडकासाठी आलेला तिसरा पण असू शकतो.

यासाठी ती सळई. काय करायचं ते क्रमानं:

पाण्याचा वार असेल त्या संध्याकाळी उजेड असतानाच फरशी सळईनं ओढून बाजूला करा, आत नीट बघून घ्या, कॉक चालतोय का बघा, परत झाका. रात्री पाणी आलं की आधी लाईट, मग पायात बूट, मग टॉर्च, मग बाहेर. फरशी सळईनंच सरकवा, तुमच्याकडून लांब नाही, तुमच्याकडं ओढा, म्हणजे फरशीची आड तुमच्या आणि खड्ड्याच्या मध्ये राहते. टॉर्च आत मारून चारही कोपरे बघा. मगच हात घाला. कायमचा इलाज करायचा असेल तर प्लंबरकडून कॉकची दांडी वर काढून घ्या, खड्ड्यात हात घालायचंच काम राहत नाही. खर्च फार नाही.

मोटरच्या पेटीचं पण तसंच. पेटीत वायरींसाठी ठेवलेलं भोक बंद करा.

५. घराची आणि अंगणाची भोकं बुजवा

हा भाग कंटाळवाणा आहे पण एका रविवारी उरकतो.

मोरीच्या, बाथरूमच्या, बेसिनच्या बाहेर निघणाऱ्या पाईपांच्या तोंडाला जाळी. वॉशिंग मशीनचा पाईप जिथून बाहेर जातो तिथलं भोक सिमेंटनं बंद. दाराखालची फट रबरी पट्टीनं, करंगळी आत जात असेल तर पिल्लू आत जाणार. गेटखाली मोठी फट असेल तर पत्र्याची पट्टी. बांधकामातल्या उरलेल्या विटा, फरशा, सेंट्रिंगच्या फळ्या 'लागतील कधीतरी' म्हणून कंपाऊंडला टेकून ठेवतात, त्या कधीच लागत नाहीत, देऊन टाका. सरपण ठेवायचंच असेल तर जमिनीपासून हातभर उंच मांडणीवर. भिंतीला किंवा खिडकीला टेकणाऱ्या फांद्या छाटा, धामण झाडावरून सहज चढते. कोंबड्यांचं खाद्य, कुत्र्याचा उरलेला भात रात्री बाहेर ठेवू नका, उंदीर येतात.

शेजारचा मोकळा प्लॉट ही खरी डोकेदुखी. मालक पुण्यात नाहीतर हैदराबादला, फोन उचलत नाही. गल्लीनं मिळून वर्गणी काढून पावसाळ्यात दोनदा गवत काढून घेणं हे भांडत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं. पण गवत पेटवू नका, सगळं जनावर तुमच्याकडंच पळेल.

आणि फसवणूक टाळा. फिनाईल, डांबरगोळ्या, लसूण, गंधक, कार्बोलिक अ‍ॅसिड, 'साप पळवणारं' झाड, यातल्या कशानंही साप थांबतो असं नाही. फिनाईल शिंपडून माणूस निर्धास्त होतो आणि टॉर्च घ्यायचा विसरतो, तोटा तो आहे. अ‍ॅसिड लहान मुलांच्या घरात ठेवणं तर सापापेक्षा वाईट.

६. एवढे साप ओळखता आले पाहिजेत

चार विषारी साप महत्त्वाचे. नाग: फणा काढतो, फण्यामागं चष्म्यासारखी खूण. घोणस: जाडजूड, अंगावर गोल काळपट ठिपक्यांच्या तीन रांगा, आणि चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा लांब फूत्कार, तो एकदा ऐकला की विसरत नाही. फुरसं: लहान, माळरानावर, दगडाखाली, डोक्यावर बाणासारखी खूण, अंगाचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं. मण्यार: काळी-निळसर, चकचकीत, पांढरे बारीक पट्टे, आणि रात्रीच फिरते.

मण्यारीबद्दल थोडं जास्त सांगते कारण घरात येऊन झोपलेल्या माणसाला चावणारी हीच. चावल्यावर बहुतेक वेळा दुखत नाही, सूज नाही, दाताची खूण पण धड दिसत नाही. माणूस मुंगी-डास समजून परत झोपतो आणि पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, पापण्या जड होऊन खाली येतात, बोलता-गिळता येत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे असं काही सांगायला लागला तर अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल.

मण्यार आणि कवड्या यांच्यात भले भले फसतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढं ठळक आणि शेपटीकडं पुसट. मण्यारीचे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात, बऱ्याचदा जोडीजोडीनं, आणि शेपटीकडं ठळक. पण हे फोटोत बघायला ठीक आहे, रात्री दोन वाजता पट्टे मोजत बसू नका. शंका आली की मण्यार समजून वागा.

बिनविषारी जे नेहमी दिसतात ते धामण, तस्कर, नानेटी, दिवड, कवड्या, गांडुळासारखा दिसणारा वाळा. दिवड कंबर तलाव, हिप्परगा तलावाच्या बाजूला भरपूर, चिडकी असते, चावते पण विष नाही. धामण लांबलचक असते म्हणून लोक उगाच घाबरतात, खरं तर उंदीर कमी करायला तिच्यासारखं कुणी नाही. ती शेपटीनं मारते, म्हशीचं दूध पिते, हे सगळं खोटं. साप दूध पीत नाही, नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग पितो तो उपाशी-तहानलेला ठेवलेला असतो म्हणून.

मांडूळ सापडलं आणि कुणी 'लाखो रुपये देतो' म्हणून जवळ आला तर त्याच्या नादी लागू नका. तो व्यवहार गुन्हा आहे, अडकाल तुम्ही.

७. साप दिसला की

थांबा. ओरडू नका, पळू नका, आठ-दहा फूट लांब सरका. मुलं आणि कुत्रा-मांजर आत घ्या. एका मोठ्या माणसानं लांबून सापावर नजर ठेवायची, फक्त नजर, कारण साप दिसेनासा झाला की पुढची रात्र कुणी झोपत नाही. दुसऱ्यानं फोन करायचा. फोटो काढायचा तर झूम करून, जवळ जाऊन नाही. साप अंगणातच असेल आणि बाहेर जायची वाट मोकळी असेल तर बहुतेक वेळा तो आपला आपण जातो, त्याला जाऊ द्या. घरात असेल तर त्या खोलीचं दार लावून खालच्या फटीत टॉवेल कोंबा.

मारायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी चावे बरेचदा मारायला गेल्यावरच बसतात. रॉकेल, गरम पाणी, मिरचीची धुरी, काही नको.

सर्पमित्राचा नंबर आधीच मिळवून ठेवा, वन विभागाकडं, नाहीतर गल्लीतल्या जुन्या माणसांकडं चौकशी करा. आपल्याकडं चांगले लोक आहेत, रात्री बाराला पण येतात, त्यांच्या पेट्रोलचे पैसे देताना मागंपुढं बघू नका. पण जो येऊन सापाला गळ्यात घालतो, रील काढतो, तुमच्या पोराच्या हातात शेपूट देतो, त्याला परत बोलावू नका. साप पकडून नेल्यावर दारातच गप्पा मारत बसू नका, तो आला कुठून ते त्याच माणसाला बरोबर घेऊन शोधा, त्याची नजर तयार असते, भोक लगेच सापडतं.

८. चावलाच तर

इथं भरभर सांगते, भरभरच वाचा.

वेळ बघून ठेवा. माणसाला बसवा नाहीतर आडवं करा, चालवू-पळवू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय फळी नाहीतर जाड पुठ्ठा लावून हलणार नाही असा ठेवा. दोरी आवळून बांधू नका, ब्लेडनं कापू नका, तोंडानं ओढू नका, बर्फ नको, दारू नको. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.

१०८ ला फोन लावा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या गाडीनं निघा. मोटरसायकल असेल तर पेशंट मधे आणि धरायला मागं एक माणूस.

शहरात सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरचं इंजेक्शन मोफत मिळतं. प्रायव्हेटमध्ये न्यायचं असेल तर वाटेतून फोन करून 'इंजेक्शन आणि व्हेंटिलेटर दोन्ही आहे का' हे विचारूनच न्या, तिथं जाऊन नाही म्हटलं तर गेलेली वेळ परत मिळत नाही. खेड्यात असाल तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात.

साप मारून किंवा पकडून न्यायची गरज नाही. ते एकच औषध चारही मुख्य सापांवर चालतं, आणि डॉक्टर लक्षणं आणि रक्त बघून ठरवतात. नळीत रक्त घेऊन वीस मिनिटांत गोठतंय का बघतात, तेव्हा 'नुसते बसवून ठेवलंय' म्हणून आरडाओरडा करू नका. लहान मुलाला मोठ्याएवढाच डोस देतात, त्यावरून पण भांडू नका. काही झालं नसलं तरी चोवीस तास ठेवून घेतात, राहा. प्रत्येक चाव्यात विष उतरतंच असं नाही, पण ते घरी बसून कळत नाही.

मारुतीच्या देवळात नेऊन बसवायची, मंत्र टाकायची पद्धत अजून आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांशी त्या वेळी वाद घालू नका, त्यांना म्हणा तुम्ही देवळात जाऊन नारळ फोडा आम्ही सिव्हिलला निघतो. दोन्ही कामं होतात.

९. कागदपत्रं

अ‍ॅडमिट करताना कागदासाठी कुणी थांबू नये, आधी पेशंट आत, कागद मागून घरचं कुणी आणेल. लागतं ते आधार कार्ड, रेशन कार्ड, आधीच्या आजारांचे पेपर, चालू गोळ्यांची नावं आणि कशाची अ‍ॅलर्जी असेल तर ते. दवाखान्यात सर्पदंशाची एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, अशी नोंद करतात आणि पोलीस येऊन विचारतात, ते नेहमीचं आहे, घाबरू नका, जे झालं ते वेळेसकट सांगा. केसपेपर आणि डिस्चार्ज कार्डाचे फोटो काढून ठेवा.

घरात कुणाच्या नावावर शेती असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश धरला जातो, शेतकरी दगावला तर कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात, खातेदाराबरोबर घरातली आणखी एक व्यक्ती पण त्यात बसते. सातबारा, वयाचा पुरावा, वारसाचे कागद, पोलिसांचे आणि दवाखान्याचे कागद लागतात, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या ऑफिसात. म्हणून एमएलसी चुकवू नका, नंतर तोच कागद सगळ्यात आधी मागतात.